चार दिवसांचं पथ्य

दत्तू, परवा माझी साखरेची तपासणी आहे आणि कारली आणायची की नाही यावरून सकाळपासून मी तुझ्याशी भांडते आहे. तू समोर नाहीस म्हणून भांडण एकतर्फी चाललंय, एवढंच. तसा तू होतास तेव्हाही माझ्यापुढे फार बोलायचा नाहीस. "आक्का, तुजंच खरं" म्हणायचास आणि तुला करायचं तेच करायचास.

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. माणसं आली, बोलून गेली. सगळ्यांनी मिळून तुला देवमाणूस करून टाकलं. मला ते जमत नाही रे. तू माझ्या पाठचा. तुला कडेवर घेऊन मी गावभर फिरलेय, पदर नव्हता तेव्हा फ्रॉकच्या टोकानं तुझं नाक पुसलंय. तुला देवमाणूस म्हणायला माझी जीभ वळत नाही. तू लबाड होतास. प्रेमळ होतास, हाताचा सढळ होतास, पण लबाड होतास मेल्या. हा शब्दसुद्धा बघ, जन्मभर तुला घालून पाडून बोलायला वापरला, आणि आता तोंडातून निघाला की माझं मलाच कसंतरी होतं.

लोकांशी तू लबाडी केली नाहीस, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. गुरांच्या बाजारात दलाली करणारा माणूस आणि त्याच्यावर दोन्हीकडची माणसं विश्वास ठेवतात, ही काही साधी गोष्ट नाही. काष्टीच्या बाजारात "दत्तूशेठ म्हणतील ते" असं म्हणून लोक गाय न बघता दावं हातात घ्यायचे. तू लबाडी केलीस ती स्वतःशी. आणि ती करायला तुला माझं घर लागायचं.

नऊ वर्षं झाली तुला साखर निघून. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, तपासणीच्या चार दिवस आधी तू पिशवी घेऊन कर्जतला माझ्या दारात उभा. का, तर डॉक्टर कर्जतचे, आणि "आक्काच्या हातचं पथ्याचं लागतं मला, सिंधूला न्हाई जमत." बिचारी सिंधू. तिच्या संसाराला तू नावं ठेवलीस आणि मी ती ऐकून घेतली. वर सुखावले. नणंदेला भावजयीपेक्षा आपला स्वयंपाक सरस ठरलेला आवडतो, त्यात काय लपवायचं.

मग चार दिवस आपलं पथ्य चालायचं. ज्वारीची भाकरी, कारलं, मेथी, बिनसाखरेचा चहा. सकाळी देवळापर्यंत चालत जायचं, संध्याकाळी परत जायचं. आठ वाजता जेवण, नऊला अंथरूण. मलाही साखर होती, तुझ्यापेक्षा थोडी नंतरची, म्हणून तुझ्याबरोबर मीही करायचे. पाचव्या दिवशी उपाशीपोटी आपण दोघं रक्त द्यायचो आणि दुपारी डॉक्टरांपुढे बसायचो. रिपोर्ट छान. डॉक्टर खूश. "दत्तात्रय, तुमच्यासारखे पेशंट पाहिजेत" म्हणायचे. तू मान खाली घालून लाजायचास, वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा. आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरलास की सरळ हलवायाच्या दुकानात. "आता तीन महिनं काळजी न्हाई आक्का." गरम जिलबी. मला एक, तुला किती ते मी बघायचे नाही.

ती दुसरी तपासणी होती ना, तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी, ती मात्र तू कधी करू दिली नाहीस. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, तू प्रत्येक वेळी "पुढच्या टायमाला नक्की" म्हणायचास. बाहेर येऊन मला सांगितलंस, "त्या मशिनीला तुजी चार दिसाची भाकरी चालत न्हाई." आणि हसलास. मीही हसले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुझी एक गोळी कमी केली, तेव्हा तू गावभर सांगत सुटलास. मी शेजारणींना सांगितलं, माझ्या कारल्यानं भावाची गोळी सुटली.

काष्टीच्या बाजारातून येतानाचं ते भांडण आपलं अर्धंच राहिलं. आज ते पुरं करायचंय मला.

आमच्या मळ्यावर एक गाय असावी असं माझ्या मनात आलं होतं, दोन वर्षं झाली असतील. तू मला बाजारात घेऊन गेलास. एक काळी-पांढरी गाय मला फार आवडली. कास बघावी तर घागरीएवढी. विकणारा म्हणाला, बारा लिटर दूध आहे. मी तर मनात तिचं नावसुद्धा ठेवून टाकलं. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, ती पाय फाकवून उभी होती ते बघितलंस, कासेला हात लावलास. तिनं लाथ झाडली.

"कालच्या सांच्यापास्नं धार काढली न्हाई हिची," तू म्हणालास. "दोन टायमाचं दूध तुंबवलंय. दुखतंय तिला. आदी मोकळी कर, मग बोलू."

तो माणूस दात काढून हसला. "धंदा हाय दत्तूशेठ. बाजारला कोन न्हाई सजवीत?"

"मला बाजारात हुबी ऱ्हानारी गाय नको. माज्या बहिनीच्या गोठ्यात हुबी ऱ्हानारी पायजे. घरी कशी असती ते सांग."

मला तुझा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. गाय घेतली नाही ती नाहीच. परत येताना पिकअपमध्ये तू गोडी शेव घेतलीस, कागद मांडीवर पसरलास, एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं शेव. मी किती वेळ गप्प बसणार? म्हटलं, "दत्तू, तू तरी वेगळं काय करतोस? डॉक्टरांकडे तूही बाजारला सजवून जातोस."

तू गाडी बाजूला घेऊन थांबवलीस. शेवेचा कागद चुरगाळून बाहेर फेकलास. "आक्का, मी काय जनावर हाय व्हय?"

"जनावराला कळत नाही त्याला सजवलंय ते," मी म्हटलं. "तुला कळतं."

मला दारात उतरवलंस आणि तसाच निघून गेलास. पुढे दीड महिना फोन नाही. सिंधूला विचारलं तर म्हणाली, "काय झालंय काय वन्सं तुमचं? ह्यांचं तोंड लई फुगलंय." मला वाटलं, आता हा तपासणीला काही येत नाही. आणि तारीख जवळ आली, चार दिवस राहिले, तर दारात तू. हातात पिशवी. "कारली आनलीत. आपल्याच बांधावरची हायेत."

तेव्हा मी पिशवी तुझ्या हातातून घेतली नसती तर? जा म्हटलं असतं तर, जा आणि नेहमी खातोस ते खाऊन रक्त दे, मी बघते काय निघतं ते? शब्द तोंडात होते माझ्या. पण तू चपला काढल्यास, मोरीवर पाय धुतलेस, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट ओढून बसलास आणि मेथीची जुडी हातात घेऊन निवडायला लागलास. बाजारातल्या गमती सांगायला लागलास. कुणी म्हातारा बैल शिंगं साळून, तेल लावून कसा खोंड म्हणून खपवला, आणि बैल पहिल्याच उताराला कसा मटकन खाली बसला. मी हसून हसून डोळे पुसले. आणि कारली चिरायला घेतली.

खरं सांगते दत्तू, ते चार दिवस मला हवे होते. आई-बाप गेल्यावर बाईला माहेर उरतं ते भावापुरतं. हे गेल्यापासून घर खायला उठतं. पोरगं पुण्यात, त्याचं त्याला सुचेना. दर तीन महिन्यांनी माहेर आपणहून पिशवी घेऊन माझ्या घरी राहायला यायचं, ते मी कशी परत पाठवणार? तुला रिपोर्ट चांगला हवा होता, मला तू हवा होतास. दोघांचं भागत होतं. आपलं ठेवायचं झाकून, अशी सगळी मज्जा. त्या चार दिवसांबद्दल मला वाईट वाटत नाही, हेही सांगून ठेवते. देवळाच्या वाटेवर तू माझ्या चालीनं हळू चालायचास. पुढं गेलास की एखाद्या दगडावर टेकून थांबायचास आणि माझ्यासाठी थांबलोय असं न दाखवता चप्पल झटकत बसायचास. ते तेवढं माझं आहे.

तू गेलास ते बाजारच्या दिवशी, हे बरं की वाईट मला ठरवता येत नाही. सिंधूनं जे ऐकलं ते मला सांगितलं. टेम्पोत गुरं चढवताना तुला दरदरून घाम आला. "ऊन लई हाय" म्हणालास. कुणीतरी सोडा आणून दिला, प्यायलास, टेम्पोच्या सावलीला बसलास. छातीत कळ आली नाही. कुणी विचारलं तर "पित्त वाढलंय" म्हणालास. दवाखान्यात न्यायला दौंडच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. साखर जुनी झाली की कळ येतेच असं नाही, हे मला नंतर कळलं. शरीर ओरडतं ते ऐकू येणं बंद होतं म्हणे. तुझं तर चांगलं चाललं होतं ना, कागदावर.

दहाव्याला घाटावर एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. पिंडापाशी तुझ्या आवडीचं ठेवायचं म्हणून मी कारल्याची भाजी करून नेली होती. माझ्याकडे किती आवडीनं खायचास, बोटं चाटायचास. सिंधूनं डबा बघितला आणि म्हणाली, "वन्सं, कारलं? घरात कारलं केलं तर ताट सरकवून उठायचे हे." तिनं पुरणाची पोळी आणली होती. तेवढ्यात तुझा बाजारातला जोडीदार पुढे झाला आणि त्यानं खिशातून गोडी शेवेची पुडी काढून ठेवली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे. कावळा आला, माझ्या भाजीवरून उडी मारून गेला आणि शेवेवर बसला. लोक म्हणाले, चला, लगेच शिवला, इच्छा राहिली नाही काही. मला मात्र कावळ्याचा राग आला. त्याला जे माहीत होतं ते सख्ख्या बहिणीला माहीत नव्हतं? होतं की. मला सगळं माहीत होतं.

आता माझं. तुझ्यावर तोंड सुटलंय तर स्वतःवरही सुटू दे.

कुणीही विचारलं की मी सांगते, "माझी बॉर्डरवर आहे." सहा वर्षं झाली, मी आपली बॉर्डरवरच उभी. जवानाची तरी बदली होते. रोज सकाळी फिरायला जाते, हेही सांगते. जाते ते खरं. शाळेच्या मैदानापर्यंत जाते, अर्धी चक्कर मारते, मग कट्ट्यावर आम्ही तिघी बसतो आणि सुनांची उणीदुणी काढतो. घरी येताना घाम आलेला असतो, पण तो उन्हाचा. साखर सोडलीय मी. गुळाचा चहा पिते. गुळाला कुणी साखर म्हणत नाही म्हणून गुळात साखर नसते, असं माझं गणित. जन्मभर शाळेत गणित शिकवलं मी! भात सोडलाय, पण पोहे सोडल्याचं मी कधी म्हटलं नव्हतं. चतुर्थीला गोळी घेत नाही, कारण उपास असतो, रिकाम्या पोटी कशाला. आणि रिकाम्या पोटात साबुदाण्याची खिचडी दोनदा जाते. कुणाच्या घरी गेले की "अर्धाच द्या हं चहा" म्हणते. तुझ्यासारखंच. बाजारच्या दिवशी तू असे किती अर्धे प्यायचास, आठवतं? नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान, म्हणून अर्धा. दिवसभरात त्या अर्ध्याअर्ध्यांची चरवी भरली असती.

हे सगळं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्यापुढेसुद्धा नाही. चार दिवस आपण दोघंही एकमेकांसमोर इतकं शहाण्यासारखं वागायचो की उरलेल्या दिवसांचा विषयच निघायचा नाही.

तेराव्याला मी बुंदीचे लाडू खाल्ले. "घ्या हो आक्का, त्याच्या नावानं घ्या" म्हणत तिघींनी वाढले. तू असतास तर म्हणाला असतास, "आक्का, आता पंधरा दिस तपासायचं नाव काडू नको, लाडू पचू दे." मलाही तेच वाटत होतं. तारीख पुढे ढकलू, किंवा आज-उद्या दोन दिवस कडक करू, कारलं, मेथी, चालणं. आकडा जरा बरा येईल. भाऊ गेल्याच्या दुःखात डॉक्टरही फार बोलणार नाहीत.

आत्ता दारावरून भाजीवाली गेली. "कारली, वांगी, घेवडा" ओरडत गेली. मी दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. आणि तशीच परत आले. तुझ्याशिवाय कारलं शिजवायचं कुणासाठी, हे खरं कारण असेल. पण हाक मारली नाही, एवढं खरं.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज दवाखान्यात जाऊन आले.

मी आपणहून ती तीन महिन्यांची तपासणी करायला सांगितली. रक्त घेणारी मुलगी म्हणाली, उपाशी नसलात तरी चालतं हिला. म्हटलं, बरंय बाई, हिला काहीच लपवलेलं चालत नाही. रिपोर्ट आला. नऊच्या वर, हवा सातच्या आत. तू असतास तर शीळ घातली असतीस.

डॉक्टरांनी कागद बघितला, मला बघितलं. "बाई, मागच्या वेळी तर तुमची छान होती."

मी ओळीनं सांगून टाकलं. गुळाचा चहा, कट्टा, पोहे, चतुर्थीची गोळी, लाडू. काही वगळलं नाही. साठी उलटलेल्या मास्तरीणबाईला असं उभं करून कुणी बोलायला लावलं नव्हतं आजवर. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "मग दर वेळी आकडा कसा चांगला यायचा?"

"चार दिवस आधी पथ्य करायचो," मी म्हटलं.

"करायचो म्हणजे?"

"मी आणि दत्तू."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तू गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. मग म्हणाले, "मी त्यांची गोळी कमी केली होती."

"माहीत आहे."

"चार दिवस सोडले तर घरी काय खायचे ते?"

आणि मग मी तुझ्याबद्दल सांगायला बसले, दत्तू. पायऱ्या उतरल्यावरची जिलबी सांगितली. शेवेचा कागद सांगितला. अर्धा अर्धा चहा सांगितला, सकाळी सहापासूनचा. गोळी सकाळी विसरलास की रात्री दोन एकदम घ्यायचास तेही सांगितलं. गेल्या पावसाळ्यात चालताना मध्येच थांबायचास आणि चप्पल झटकायचास, दम लागला म्हणायचा नाहीस. माझ्यासाठी थांबतोस असं मला वाटायचं, हे सांगताना मी अडखळले. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून थांबायचे?" मला सांगता आलं नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. डॉक्टर ऐकत राहिले.

शेवटी ते म्हणाले, "बाई, नऊ वर्षं मी ज्याला तपासलं तो फार शिस्तीचा माणूस होता. तुम्ही आत्ता सांगितलात तो मला माहीत नाही. तो माझ्याकडे आलाच नाही कधी. आला असता तर मी काहीतरी केलं असतं हो त्याच्यासाठी."

तुझ्या मातीला मी रडले नव्हते दत्तू. मोठी म्हणून सगळ्यांना सावरत होते. तिथं, त्या खुर्चीत बसून, परक्या माणसासमोर मी ढसाढसा रडले.